सूनबाईंचा कंट्रोल चार्ट

सक्करदरा, नागपूर
२१ ऑगस्ट १९७७

प्रिय शरद,

दर खेपेला ‘चिरंजीव’ लिहितो आणि त्याखाली आशीर्वादांची रांग लावतो. आज नुसतं प्रिय लिहिलं आहे, कारण आज तुझ्याशी जरा बरोबरीच्या नात्यानं बोलायचं आहे. मी पत्र लिहायला बसलो की चहा गार करतो असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. आज तिनं कप अर्धाच भरून दिला.

आधी कामाचं. नीला सहा सप्टेंबरला मुंबईहून विलायतेच्या विमानात बसेल. गोपी सध्या आमच्याजवळ राहील. दोघी एकदमच येतील असं तू धरून चालला असशील आणि आमचंही तसंच ठरलं होतं. पण ऑक्टोबरात तिची परीक्षा आहे, आणि तीन वर्षांची पोर नव्या घरात, नव्या थंडीत आईच्या पदराला धरून बसली तर वाचन कसलं व्हायचं. नीलानंच ठरवलं की परीक्षा होईपर्यंत गोपीनं इथं राहावं. तुझ्या दोस्ताची, गिरिधरची बायको दिवाळीनंतर तिकडे परत जाते आहे, ती गोपीला घेऊन येईल. हे ठरलं तेव्हा नीला रडली नाही. तुझी आई रडली, आणि मग नीलालाच तिची समजूत काढावी लागली.

परीक्षेचं महत्त्व तुला मी सांगावं असं नाही. तू चौऱ्याहत्तर साली गेलास तेव्हा नागपूरच्या डिग्रीवर तिकडे नोंदणी मिळत होती. वर्षभरानं तो नियम गेला. आता ही परीक्षा पास झाली तर नीला तिकडे डॉक्टर म्हणून उभी राहील, नाहीतर तिची डिग्री पेटीच्या तळाशी जाईल आणि ती तुझ्या भाजीला फोडणी घालत बसेल. फोडणीबद्दल माझी तक्रार नाही, ती चांगली घालते. पण त्यासाठी सरकारनं तिच्यावर साडेपाच वर्षं खर्च केला नाही.

तयारी कशी झाली ते तुला कोणी कळवलं नसेल. नीलाची पत्रं त्रोटक असतात आणि तुझी आई लिहिते ते सगळं गोपीच्या दातांबद्दल. म्हणून मी लिहितो. जानेवारीत एक दिवस नीला माझ्यापुढे एक कागद घेऊन आली. म्हणाली, मामंजी, वेळापत्रक केलं आहे, जरा बघता का. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक तासाला एक विषय बांधलेला. जेवायला अर्धा तास. गोपीला अंघोळ घालायला, तिच्या मागे धावायला, आजारी पडायला, पाहुण्यांना चहा करायला कुठेच जागा नव्हती. मी विचारलं, ही गाडी थांबणार कुठे? ती म्हणाली, थांबायला वेळच कुठे आहे. तेव्हा मी म्हटलं, बाई, बत्तीस वर्षं मी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गाड्या सोडण्यात काढली. जी गाडी कुठेच थांबत नाही, ती दुसऱ्याच दिवशी बंद पडते.

तू लहानपणी माझ्या ऑफिसात येऊन कानाला हेडफोन लावून बसायचास, त्यामुळे चार्ट तुला ठाऊक आहे. वर वेळ, कडेला एकाखाली एक स्टेशनं, अजनी, खापरी, बुटीबोरी, आणि गाडी म्हणजे त्यातून जाणारी तिरपी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगात, आणि आडवी झाली की गाडी उभी राहिली. निवृत्त झाल्यावर जुन्या दोस्तांनी कोरे चार्ट दिले होते, ते मी कपाटात कपड्यांखाली अंथरले होते. ते काढले. वर आठवडे मांडले, कडेला धडे. मेडिसिन लाल पेन्सिलनं, म्हणजे आपली जी.टी. एक्स्प्रेस, मान मोठा आणि थांबे थोडे. सर्जरी आणि बाळंतपणाचा विषय निळ्यानं. औषधशास्त्र हिरव्यानं, म्हणजे मालगाडी, डबे पुष्कळ आणि चाल मंद. रविवारी दुपारी ब्लॉक, लाइनीची दुरुस्ती. त्या वेळी कोणतीही गाडी सोडायची नाही, नीलानं गोपीला घेऊन तळ्यावर जायचं. नीला तो चार्ट बघून इतकी हसली की गोपी घाबरून आजीकडे पळाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेडिसिन सुटल्याची वेळ स्वतःच्या हातानं त्यावर टाकली.

तुझ्या आईनं त्याच दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भागीरथा, म्हणजे भिवापूरची बाई जी आता आपल्याकडे धुणंभांडं करते, तिला हे काही केल्या उमगेना. तिनं मलाच विचारलं, “काहून जी बाबूजी, सूनबाई तं डाक्टर हायेत ना? मंग आता कायची परीक्षा देऊन राहिल्या?” मी सांगितलं की विलायतेच्या लोकांना आपल्या डॉक्टरांची खात्री पटत नाही, म्हणून ते पुन्हा तपासून घेतात. ती म्हणाली, “त्याइचे पेशंट अन् आपले पेशंट येगळे असतेत का?”  पण त्या दिवसापासून भागीरथा गोपीला मागच्या अंगणात घेऊन बसू लागली.

आता माझी फजिती सांगतो, तू हसशील म्हणून. मार्चमध्ये गोपीला गोवर निघाला आणि दोन आठवडे सगळ्याच गाड्या रखडल्या. पोर बरी झाली तेव्हा मेडिसिन आणि सर्जरी थोड्या धावपळीनं वेळेवर आल्या, औषधशास्त्र मात्र मागे राहिलं. आता मी पडलो कंट्रोलर. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की उशिराच्या गाडीपायी वेळेवरच्या गाडीचा खोळंबा करायचा नाही. जी आधीच रखडली आहे तिला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्या, आणि जी वेळेवर धावते तिला पुढे काढा. मी तेच केलं. दर आठवड्याला लाल रेघेला वाट दिली, निळीला वाट दिली आणि हिरवी बाजूला उभी केली.  नीलाला वाटलं मामंजींना कळतं आहे, आणि मला वाटलं सूनबाई बोलत नाही म्हणजे ठीक चाललं आहे.

एप्रिलच्या अखेरीस तिचे मेडिकलमधले जुने सर घरी आले. सत्तरी उलटली आहे, पण अजून ताठ चालतात. त्यांनी व्हरांड्यात बसून तिला तासभर प्रश्न विचारले. मेडिसिनमध्ये तिनं त्यांचं समाधान केलं. मग त्यांनी साध्या दोन औषधांबद्दल विचारलं, एकाबरोबर दुसरं दिलं तर काय होतं, आणि नीलानं उलटंच सांगितलं. पुढचा प्रश्नही तसाच, आणि त्याचंही उत्तर चुकलं. सर गेल्यावर ती चार्टासमोर जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, मामंजी, तुमची मालगाडी पाडव्यापासून नरखेड स्टेशनातच उभी आहे. मी चष्मा लावून पाहिलं. हिरवी रेघ दीड महिना आडवी होती, आणि ती माझ्याच हातानं ओढलेली होती. मालगाडीतला माल उशिरा पोचला तर व्यापारी बोंबलतो, पण गाडी शेवटी पोचते. परीक्षेला ती पोचली नाही तर तिकीटच रद्द. हे कळायला मला सेवानिवृत्त व्हावं लागलं.

तेव्हा नीलानं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. रागानं नव्हे, हसतच. म्हणाली, आजपासून कंट्रोल माझ्याकडे, तुम्ही स्टेशनमास्तर. आणि तिनं काय केलं सांगू? लाल गाडी, आपली मानाची एक्स्प्रेस, तिनं लूपवर घातली आणि मे महिनाभर मेन लाइनवर एकटी मालगाडी चालवली. तो मे तुला आठवत असेल तसाच होता. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून मारून भागीरथाचे हात दुखले, कूलरच्या घरघरीत स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून नीला मोठ्यानं वाचायची. आईला त्यामुळे निम्मी औषधं पाठ झाली. परवा शेजारच्या पार्वतीबाईंना खोकला झाला तर ही त्यांना सांगत होती की ते लाल औषध घेऊ नका, त्यानं झोप येते. जूनमध्ये सर पुन्हा आले. या वेळी त्यांनी दोन तास घेतले. जाताना फाटकाशी उभं राहून मला म्हणाले, या पोरीला मी शिकवलं हे आता मी लोकांना सांगणार. शरद, माझ्या नोकरीत मला दोनदा बक्षीस मिळालं, पण छाती फुगते म्हणजे काय होतं ते मला त्या फाटकाशी कळलं.

तुझ्या आईचा पराक्रम तर मी फलाटावर उभं राहून ओरडून सांगावा असा आहे. आपल्याकडे माणसं कशी न कळवता येतात ते तुला माहीत आहे. काटोलची मंडळी संत्री घेऊन येतात आणि जेवून जातात, महाल भागातल्या आत्या येतात त्या संध्याकाळपर्यंत बसतात, आणि सून बाहेर येऊन पाया पडली नाही तर महिनाभर त्याचीच चर्चा. नुसतं अभ्यास चालू आहे म्हटलं तर कोणी मानेना. लग्न झालं, पोर झाली, आता कसला अभ्यास, असं तोंडावर म्हणायचे. चातुर्मास लागला तशी आईनं एक युक्ती काढली. आल्या-गेल्याला ती गंभीर तोंड करून सांगू लागली की नीलानं व्रत धरलं आहे, दिवे लागेपर्यंत मौन आहे, खोलीतून बाहेर यायचं नाही. झालं. ज्या बायकांना परीक्षा कळत नव्हती त्यांना व्रत बरोबर कळलं. दबक्या पावलांनी येऊ लागल्या, दाराला हात जोडून जाऊ लागल्या. कोणी केळी आणून दिली, कोणी शिंगाड्याचे लाडू. आत्यांनी तर विचारलं की हे व्रत कोणत्या देवाचं, म्हणजे आमच्याही सुनेला सांगते. आई म्हणाली, धन्वंतरीचं. मी तेव्हा पेपर तोंडासमोर धरला होता म्हणून बरं. भागीरथाला अर्थात खरं माहीत होतं. ती म्हणाली, “माह्या पोरीलेबी मोठी झाली का हेच व्रत करायले लावतो मी.” आई हसली नाही. तिनं भागीरथाच्या पोरीसाठी लाडवांतले निम्मे बांधून दिले.

आता इंग्रजी ऐकण्याचा भाग राहिला होता. टेपवर बोललेलं ऐकून उत्तरं लिहायची असतात म्हणे. त्यासाठी आम्ही ट्रान्झिस्टरवर बी.बी.सी. लावतो. नीला ऐकते, लिहिते, आणि मग मला समजावून सांगते. बातम्या वाचणाऱ्याचं मला सगळं कळतं. पण तिकडच्या खेड्यातला कोणी बोलू लागला की मी हरलो. नीलाला तेही कळू लागलं आहे. मी म्हटलं, पेशंट बातम्यांच्या भाषेत कण्हत नाही, तुझं हेच खरं कामाला येईल. असं सगळं जुलैअखेर वेळेवर आलं होतं. चार्टावर तिन्ही रेघा पेन्सिलीनं ओढल्यासारख्या, म्हणजे त्या पेन्सिलीनंच ओढलेल्या आहेत, पण तुला माझं म्हणणं कळलं असेल. घरात एक पोरगी आठ महिने नेमानं शिकते आहे आणि आपण तिला वाट करून देतो आहोत, यासारखं सुख मला निवृत्तीनंतर दुसरं मिळालेलं नाही.

मग तुझं पत्र आलं. ते नीलाच्या नावावर होतं, मी ते वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. तिनं ते वाचून कपाटात ठेवलं आणि खोलीत जाऊन बसली. दिवे लागले तरी पुस्तकाचं तेच पान उघडं होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिन्ही रेघा आडव्या. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, हे लिहितात, एवढा खटाटोप कशाला, तिथं पुष्कळ जण नापास होतात, नुसती ये, संसार कर, घरात एक डॉक्टर पुरे. एवढंच सांगितलं. मग पुस्तक मिटून म्हणाली, मामंजी, यांनी मला कॉलेजात बघितलं आहे. यांनाच जर माझा भरवसा वाटत नसेल तर काही कारण असेल ना.

तेव्हापासून ती बसते, वाचते, चार्ट भरते, पण सर मागच्या आठवड्यात आले तेव्हा माहीत असलेल्या उत्तरांपुढेही ती अडखळली. या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे मार्क कापतात. अडखळणाऱ्या माणसाला ती परीक्षा गिळून टाकते. ती अभ्यासात कुठेच कमी नाही, शरद. मला भीती एकच आहे, की ती तिथं बसेल आणि आपल्याला येतं आहे यावर तिचा विश्वास बसणार नाही.

तिनं सांगितलेलं तुझं ते वाक्य मी मनात खूप दिवस घोळवलं. मला ते तुझं वाटेना. फायनलचा निकाल लागला तो दिवस मला लख्ख आठवतो. तू सायकल टाकून घरात शिरलास ते ओरडतच, की बाबा, नीला मेडिसिनमध्ये पहिली. आईनं दोनदा विचारलं तेव्हा तू सांगितलंस की तूही पास झालास. तेव्हा ती आमची सून व्हायची होती, आणि आम्हाला त्याच दिवशी कळलं की ती होणार. दुसऱ्याच्या यशानं ज्याचं तोंड असं उजळतं, तो मुलगा आपला आहे याचा मला तेव्हा अभिमान वाटला, आजही वाटतो. तो मुलगा ‘घरात एक डॉक्टर पुरे’ असं लिहीत नाही. त्याच्यावर काहीतरी ओढवल्याशिवाय लिहीत नाही.

आणि काय ओढवलं ते मला माहीत आहे. जूनमध्ये गिरिधर बहिणीच्या लग्नाला आला होता तेव्हा भेटून गेला. मला माहीतच असेल असं समजून तो सहज बोलून गेला, की फेलोशिपची, म्हणजे वरच्या पदवीची पहिली परीक्षा तिकडे भल्याभल्यांना पाडते, शरदला दोनदा पाडलं, पण तो पुन्हा बसेल. मी मान हलवली. त्याला कळू दिलं नाही की मी हे पहिल्यांदाच ऐकतो आहे. तू आम्हाला लिहीत होतास की कामामुळे अजून बसलो नाही. त्या दिवशी मला वाईट वाटलं ते तू नापास झालास याचं नव्हे. परक्या गावी रात्रपाळ्या करून, हातानं रांधून, दोनदा त्या परीक्षेला बसायची हिंमत माझ्या मुलात आहे, हे मी कोणालाही मान वर करून सांगेन. वाईट याचं वाटलं की दोन्ही वेळा निकाल हातात घेऊन तू एकटा खोलीवर गेलास. मी हे तुझ्या आईला सांगितलेलं नाही. नीलालाही सांगितलेलं नाही, आणि चौथ्या दिवशी तिचं ते बोलणं ऐकून शब्द अगदी ओठांवर आले होते तरी सांगितलं नाही. ती समजते की तुझा तिच्यावर विश्वास नाही. खरं असं आहे की तुझा स्वतःवरचा विश्वास हलला आहे, आणि ती पहिल्या फटक्यात पास झाली तर तुझं काय, या धास्तीनं तू ते लिहिलंस. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो तिला कोणी सांगायचा तर तूच. मी सांगितलं तर ती चुगली होईल. गिरिधरच्या तोंडून कळलं तर तुझी नाचक्की होईल. तू सांगितलंस तर ती फक्त दोन डॉक्टरांतली, नवरा-बायकोतली गोष्ट राहील. म्हणून हे पत्र ती पोचायच्या आधी तुझ्या हातात पडेल अशा बेतानं आज टाकतो आहे. ती सात तारखेला सकाळी उतरेल. गोपीला इथं ठेवून आलेली असेल, थकलेली असेल आणि तुझ्या तोंडाकडे बघत असेल. घरी नेऊन, जेवून, निवांत झाल्यावर सांगू असं ठरवू नकोस, घरी गेल्यावर धीर होत नाही. तिथंच, विमानतळावर, चार लोकांत उभं राहून सांग, की मी दोनदा नापास झालो, मला भीती वाटली, आणि तू पास होशील याची मला कॉलेजापासून खात्री आहे. मग तिची बॅग उचल.

तुझाच,
बाबा